वेतनचिठ्ठीवरचा एक शब्द

अर्ज अवघ्या चार ओळींचा होता. आमच्या नगरपरिषदेच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एका तरुण कर्मचाऱ्याने तो आस्थापना विभागात, म्हणजे माझ्या टेबलावर, स्वतः आणून दिला. हा मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर. घरासाठी कर्ज काढायला तो बँकेत गेला असता तिथल्या माणसाने त्याची वेतनचिठ्ठी हातात घेतली, पदनामाचा रकाना मोठ्याने वाचला आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहत तोच शब्द पुन्हा एकदा, प्रश्न विचारावा तसा, उच्चारला. रकान्यात 'मेहतर' असे छापलेले होते. अर्जाची शेवटची ओळ अशी होती: 'माझ्या वेतनचिठ्ठीवर माझे काम लिहावे, जात लिहू नये, ही विनंती.'

अर्ज मी आवक नोंदवहीत चढवला आणि त्यानंतर दोन दिवस त्यावर काहीच केले नाही, हे कबूल करायला हवे. त्या चिठ्ठ्या गेली कित्येक वर्षे माझ्याच टेबलावरून जात होत्या. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि कपाती मी दर महिन्याला बोट ठेवून तपासत होते आणि पदनामाच्या रकान्यावरून माझी नजर दर महिन्याला तशीच घसरून पुढे जात होती. तिसऱ्या दिवशी मी टिप्पणी लिहिली. ही दुरुस्ती एका कर्मचाऱ्यापुरती करावी की अशी जी जी पदनामे आपल्या दप्तरात असतील त्या सगळ्यांचा एकदाच विचार करावा, अशी विचारणा तीत होती. वरून समासात 'चर्चा करावी' असा शेरा आला आणि महिनाभराने पाच जणांची समिती झाली. उपमुख्याधिकारी अध्यक्ष, लेखापाल, स्वच्छता निरीक्षक आणि कर्मचारी संघटनेचे प्रतिनिधी हे सदस्य, आणि टिप्पणी मीच लिहिलेली असल्यामुळे सदस्य-सचिवपद आपोआप माझ्याकडे आले.

२०२४ सालच्या अखेरीची ही गोष्ट. पदनामे बदलण्याचे त्या दिवसांत वारेच होते. तलाठ्याचा 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवकाचा 'ग्रामपंचायत अधिकारी' झालेला होता. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये, रेल्वेने गार्डला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायचे ठरवले होते. त्यामुळे पहिल्याच बैठकीत लेखापालांनी 'आता सगळ्यांनाच साहेब व्हायचे आहे' असा शेरा मारला आणि दोघे हसलेही. ही तुलना चुकीची आहे हे मला इतिवृत्तात लिहून ठेवावे लागले. तलाठ्याला तलाठी म्हटल्याने कुणी त्याच्या घरचे पाणी पिणे सोडत नव्हते. तिथे प्रश्न मानाचा होता आणि मान वाढवून मागण्यात गैर काही नाही. आमच्यापुढे आलेला अर्ज मात्र मान वाढवण्यासाठी नव्हता, अपमान थांबवण्यासाठी होता.

योगायोगाने त्याच सुमारास, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांतील कामाची जातीनुसार वाटणी घटनाबाह्य ठरवली होती आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतून जातीचा रकाना काढून टाकण्याचे निर्देश दिले होते. तो निकाल तुरुंगांपुरता होता आणि नगरपरिषदेच्या आस्थापनेला थेट लागू होत नव्हता, हे अध्यक्षांनी बरोबरच दाखवून दिले. तरीही मी त्याचा सारांश टिप्पणीला जोडला, कारण ज्या शब्दांवर न्यायालयाने बोट ठेवले होते त्यांतला एक आमच्या वेतनप्रणालीत बसलेला होता.

पहिले काम यादी करण्याचे होते. मला वाटले होते त्यापेक्षा ते फार किचकट निघाले, कारण एकाच माणसाचे पदनाम चार कागदांवर चार प्रकारे लिहिलेले असे. वेतन देयकात एक, हजेरीपटावर दुसरे, ओळखपत्रावर तिसरे आणि सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चौथे. 'मेहतर', 'झाडूवाली', 'बिगारी', 'हमाल', 'आया', 'वॉर्डबॉय', 'शिपाई' हे शब्द चालू कागदांत सापडले. 'भंगी' हा शब्द दोन जुन्या सेवापुस्तकांत शाईने लिहिलेला होता आणि त्यांतल्या एका पुस्तकाचा धनी अजून नोकरीत होता. 'पट्टेवाला' फक्त जुन्या हजेरीपटांत उरला होता; त्यावर कुणाची काही तक्रार नव्हती आणि आम्हीही वेळ घालवला नाही.

यादी घेऊन मी घरी शब्दकोश उघडून बसले आणि जे सापडले त्याने माझा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. 'मेहतर' हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ 'अधिक थोर, वडीलधारा' असा आहे. हिंदुकुशातल्या चित्राल संस्थानाचा राजा स्वतःला मेहतर म्हणवून घेत असे. 'हलालखोर' म्हणजे कष्टाची, हक्काची भाकरी खाणारा. हा शब्दही सफाईचे काम करणाऱ्यांना गौरवाने दिलेला, आणि १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात तर 'हलालखोर कर' नावाचा करच होता. 'जमादार' हा फौजेतला अधिकाराचा हुद्दा. उत्तर भारतात झाडू मारणाऱ्याला तो लावला गेला, आणि इकडे स्वतंत्र भारताच्या सैन्याने आपल्या जमादाराचे नाव 'नायब सुभेदार' करून टाकले. म्हणजे प्रत्येक पिढीत कुणीतरी चांगल्या हेतूने एक भारदस्त शब्द आणून या माणसांना दिला होता, आणि माणसांकडे पाहण्याची दृष्टी तीच राहिल्यामुळे थोड्याच काळात तो शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला होता.

दुसऱ्या बैठकीत मी हे सगळे प्रामाणिकपणे मांडले आणि ते माझ्याच अंगावर आले. अध्यक्षांचे म्हणणे असे की, राजाची पदवी जिथे टिकली नाही तिथे आपण सुचवलेला शब्द किती दिवस टिकणार? आज 'सफाई कामगार' लिहू, वीस वर्षांनी त्याचीही हीच गत होईल आणि पुन्हा एक समिती बसेल. बदलाच्या विरोधात संपूर्ण प्रक्रियेत मी ऐकलेला हा सर्वांत वजनदार मुद्दा होता आणि त्या दिवशी मला त्याचे उत्तर देता आले नाही. उत्तर संघटनेच्या प्रतिनिधींनी दिले. ते म्हणाले, शब्द चांगला की वाईट हे कोशात पाहू नका, तो कुणाला लागतो ते पाहा. 'मेहतर' मूळचा कितीही थोर असो, आज ते एका समाजाचे नाव आहे आणि ते कामाच्या रकान्यात छापले की जन्म आणि काम एकच असल्याचे सरकारी कागद सांगतो. साठाव्या वर्षी सफाई कामगार निवृत्त होतो. मेहतर होत नाही. 'सफाई कामगार' या शब्दाला उद्या डाग लागेलही, पण तो कामाला लागलेला डाग असेल, आणि त्या कामावर उद्या कुणाही घरातला माणूस येऊ शकतो.

अध्यक्ष वाचन असलेले गृहस्थ. तिसऱ्या बैठकीत त्यांनी अमेरिकेचे दाखले आणले. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०१५ मध्ये आपल्या निवासी महाविद्यालयांच्या प्रमुखांची 'मास्टर' ही पदवी बंद केली. पाठोपाठ २०१६ मध्ये हार्वर्डने 'हाउस मास्टर'चे 'फॅकल्टी डीन' केले, कारण गुलामांच्या मालकाला मास्टर म्हणत. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळा प्रशासनाने २०२२ मध्ये तर अधिकाऱ्यांच्या पदनामांतून 'चीफ' हा शब्दच काढायचे ठरवले. तिथल्या मूलनिवासी जमातींच्या प्रमुखांना गोरे लोक हा शब्द लावत आणि पुढे तो कुणाही मूलनिवासी माणसाला टिंगलीने मारलेली हाक झाला, हे त्यामागचे कारण. अध्यक्षांनी हे सांगितले ते या खटाटोपाचा अतिरेक कुठवर जातो हे दाखवण्यासाठी. 'मास्टर' लॅटिनमधल्या शिक्षकवाचक शब्दातून आला आणि 'चीफ' फ्रेंचमधून, डोके या अर्थाच्या मुळातून. दोन्हींचा ना गुलामगिरीशी जन्मसंबंध, ना मूलनिवासींशी. 'उद्या मुख्याधिकारी या शब्दालाही कुणी हरकत घेईल,' असे ते म्हणाले आणि मुख्याधिकाऱ्यांच्या दालनाच्या दिशेने पाहून सगळेच हसले.

मी घरी जाऊन या उदाहरणांवर बराच विचार केला आणि माझे मत असे झाले की, ती आमच्या प्रश्नाच्या जवळची दिसत असली तरी त्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. तिथे ती पदवी धारण करणारा माणूस वरच्या जागेवर बसलेला होता. तो दुखावलेला नव्हता, त्याची पदवी ऐकणारे दुखावले जात होते, किंवा दुखावले जात असतील असे प्रशासनाला वाटत होते. अशा वेळी कोण दुखावले आणि किती, हे मोजणे कठीण होते आणि वाद शब्दांच्या व्युत्पत्तीवर जाऊन पडतो. आमच्याकडे शब्द ज्याच्या गळ्यात होता तोच अर्जदार होता. व्युत्पत्तीचा आधार घेऊन त्याला 'तुला वाईट वाटायला नको' असे सांगणे मला शोभत नव्हते. (आपल्याकडे 'मास्तर' म्हटले की शाळेचे नाहीतर शिंप्याचे आठवतात; हाच शब्द दुसरीकडे एखाद्याला चाबकाची आठवण करून देत असेल, तर ते त्याच्या इतिहासामुळे, शब्दकोशामुळे नव्हे.)

कर्मचाऱ्यांची मते घ्यावीत हे ठरले, पण कशी यावर एक अख्खी बैठक गेली. लेखापालांच्या मते छापील नमुना वाटून सह्या घ्याव्यात. स्वच्छता निरीक्षकांनी मात्र हजेरीच्या वेळी जाऊन बोलावे असे सुचवले आणि तेच योग्य ठरले, कारण छापील कागदावर सही मागितली की आधी मुकादमाकडे पाहायचे ही तिथली सवय आहे. पुढच्या आठवड्यात सकाळी सहाच्या हजेरीला आम्ही दोघे गेलो. मी नोकरीत इतकी वर्षे असून त्या हजेरीशेडमध्ये पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

मला वाटले होते की शब्द बदलणार म्हटल्यावर तिथे आनंद होईल. झाले उलटेच. वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या एका कामगाराने, ज्यांच्या निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरले होते, पहिलाच प्रश्न विचारला, 'मॅडम, नाव बदललं तर माझ्या पोराची नोकरी जाईल का?'

बाहेरच्या वाचकाला हा प्रश्न कळणार नाही म्हणून थोडे सांगते. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात सफाई कामगार निवृत्त झाला, त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली किंवा तो मरण पावला, तर त्याच्या वारसाला त्याच्या जागी नेमणूक मिळते. त्यावर अगदी २०२३ पर्यंत वेळोवेळी शासन निर्णय निघाले आहेत. हा हक्क सफाईच्या कामाला जोडलेला असल्यामुळे कागदावर ते काम कोणत्या नावाने लिहिले आहे याला फार महत्त्व येते. पदनाम 'स्वच्छता सहायक' किंवा 'आरोग्य मदतनीस' असे गोंडस केले आणि उद्या एखाद्या तपासणीत 'हे सफाई कामगार नाहीतच' असा आक्षेप निघाला, तर एका पिढीची भाकरी त्या गोंडस शब्दापायी जाऊ शकते. त्या गृहस्थांना 'मेहतर' या शब्दाचे प्रेम नव्हते. त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत त्यांनी स्वतःचे पद छापले नव्हते, हेही त्यांनी नंतर चहा पिताना सांगितले. पण त्या शब्दाला एक जागा चिकटलेली होती आणि ती त्यांना मुलासाठी हवी होती.

अर्ज करणारा तरुण तिथेच उभा होता. तो स्वतः याच तरतुदीने, वडिलांच्या जागी, लागलेला. त्याने मोठ्या माणसाला उलट उत्तर दिले नाही. मला उद्देशून एवढेच म्हणाला की, मॅडम, हक्क आहे म्हणून मी ही नोकरी घेतली आणि घेतली नसती तर घर चालले नसते, पण या हक्कात वडिलांकडून मुलाकडे फक्त पगार जात नाही, झाडूही जातो, आणि निदान नाव तरी जाऊ नये. बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग मुकादमाने हजेरी पुकारायला सुरुवात केली.

त्या सकाळीनंतर समितीचे काम खरे तर बदलले. तोवर आम्ही चांगला शब्द शोधत होतो. आता कोणत्या शब्दामागे कोणता हक्क बांधलेला आहे हे शोधू लागलो. विधी सल्लागारांचा अभिप्राय मागवला. पदनामात केवळ दुरुस्ती होत असून पदाचे स्वरूप, वेतनश्रेणी, सेवाज्येष्ठता आणि वारसा हक्क यांवर तिचा कोणताही परिणाम होणार नाही, हे वाक्य आदेशात जसेच्या तसे असावे, असा अभिप्राय आला. मधल्या काळात कुणीतरी 'सफाईमित्र' हा शब्द सुचवला होता. केंद्राच्या मोहिमांमुळे तो कानावर पडलेला होता आणि ऐकायला बराही वाटत होता. संघटनेच्या प्रतिनिधींनी तो तत्काळ फेटाळला. मित्राला किमान वेतन मागता येत नाही, कामगाराला येते, असे ते म्हणाले. याच बैठकीत त्यांनी १९३८ सालची आठवण काढली. मुंबईच्या विधानसभेत अस्पृश्यांना कायद्यात 'हरिजन' म्हणण्याचा घाट घातला गेला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निषेध करून सभात्याग केला होता. शब्द गोड होता आणि देणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. पण ज्यांना द्यायचा त्यांना विचारलेले नव्हते. अध्यक्षांनी ही आठवण इतिवृत्तात घ्यायला नको म्हटले. मी ती घेतली आणि त्यांनी सही करताना खोडली नाही.

नगरपरिषदेच्या रुग्णालयातला अनुभव निराळा होता. तिथल्या 'आया' या पदावर काम करणाऱ्या बायकांना रुग्ण 'मावशी' म्हणतात आणि वॉर्डबॉयला 'मामा'. मला हे नेहमीच आपुलकीचे वाटत आले होते. त्यांच्यातल्या एकीने मात्र सांगितले, 'मावशी म्हणतात बाई, पण त्यांच्या पेल्यातून पाणी देत नाहीत.' 'आया' हा पोर्तुगीजांकडून आलेला, मुलांना सांभाळणाऱ्या बाईसाठीचा शब्द. त्यात अपमान मुळात नाही. त्यांची हरकत अशी की, 'आया' म्हटले की घरकामाला ठेवलेली बाई डोळ्यांपुढे येते आणि मग रुग्णाचे नातेवाईक डबे धुवायलाही सांगतात, डॉक्टर घरची कामे सांगतात. त्यांना पदनामात कामाची हद्द हवी होती. आम्ही 'कक्षसेविका' सुचवले, ते त्यांनी नाकारले. सेवा या शब्दाला हद्दच नसते, असा त्याचा मथितार्थ होता. (पुढे राज्य सरकारने कोतवालाचे 'महसूल सेवक' केले तेव्हा मला त्या बायकांची आठवण झाली. ग्रामसेवकातला सेवक काढून टाकायचा आणि कोतवालाला तो द्यायचा, ही संगती मला लागली नाही.) शेवटी जिल्हा परिषदेत पूर्वीपासून रुळलेला 'परिचर' हा शब्द त्यांनी मान्य केला आणि 'वॉर्डबॉय'साठीही तोच घेतला. चाळिशी उलटलेल्या माणसाला कागदोपत्री 'बॉय' म्हणण्याविषयी तिथे कुणी चर्चाही केली नाही. तो शब्द जावा यावर सगळ्यांचे एकमत होते.

'बिगारी'च्या बाबतीत मी चुकले, किंवा निदान माझा उत्साह चुकला. 'बेगार' म्हणजे मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम. भारताच्या संविधानाने अनुच्छेद २३ मध्ये, इंग्रजी मसुद्यातही हाच देशी शब्द वापरून, त्यावर बंदी घातली आहे. ज्या गोष्टीवर संविधानात बंदी आहे तिचे नाव स्थानिक स्वराज्य संस्थेच्या वेतन देयकात पदनाम म्हणून छापले जावे, याचा मला संताप आला होता आणि मी टिप्पणीत त्यावर पानभर लिहिले होते. बांधकाम विभागातल्या बिगाऱ्यांना मी ते समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि त्यांच्यातला एक म्हणाला की, मॅडम, बिगारी तर बिगारी, नाव राहू द्या, आम्हांला कायम करा. त्यांच्यातले बहुतेक जण वर्षानुवर्षे रोजंदारीवर होते. त्यांच्या लेखी बिगारी म्हणजे गवंड्याच्या हाताखालचा माणूस, बस्स. ज्यांना शब्द लागत नाही त्यांच्या वतीने मी दुखावून घेत होते, आणि ज्याने ते दुखावले गेले होते, म्हणजे कायम नसण्याने, त्यावर आमच्या समितीला काही अधिकार नव्हता. 'बिगारी'चे 'मजूर' करण्याची शिफारस आम्ही शेवटी केली, कारण संविधानाचा मुद्दा खोटा नव्हता. पण ती करताना मला पूर्वीचा आवेश राहिला नव्हता.

'हमाल' आम्ही तसाच ठेवला. एका सदस्याने त्यावर हरकत घेतली होती. परंतु १९६९ चा माथाडी कायदा आपल्या नावातच हमाल हा शब्द मिरवतो, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी उभी केलेली संघटना स्वतःला हमाल पंचायत म्हणवते आणि जिल्हा न्यायालयांच्या भरतीच्या जाहिरातींत 'शिपाई/हमाल' हे पद आजही असते. ज्यांनी तो शब्द स्वतः उचलून त्यावर हक्क मिळवले, त्यांच्या तोंडून तो काढून घेण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमच्याकडच्या दोन हमालांनीही हेच सांगितले.

अहवाल तयार झाला आणि मंजुरीची पद्धत तपासताना मला एक गोष्ट आढळली, जी खरे म्हणजे पहिल्या दिवशी तपासायला हवी होती. पदे आणि त्यांची नावे नगरपरिषद मनाने ठरवत नाही. शासनाने मंजूर केलेला आकृतिबंध असतो आणि त्यात बदल करायचा तर प्रस्ताव वर पाठवावा लागतो. आमचा मंजूर आकृतिबंध मी कपाटातून काढला. त्यात 'मेहतर' नावाचे पदच नव्हते. तिथे पूर्वीपासून स्वच्छ अक्षरांत 'सफाई कामगार' असेच लिहिलेले होते. वेतनाचे काम संगणकावर गेले तेव्हा कुणीतरी आकृतिबंध न पाहता जुन्या वेतन नोंदवहीवरून पदांची यादी टंकलिखित केली होती आणि ती कुणीही, मीही, मंजूर कागदाशी ताडून पाहिली नव्हती. त्या शब्दाला कसलीच मंजुरी नव्हती. आमच्या सवयीखेरीज त्याला दुसरा आधार नव्हता. त्यामुळे ज्या पदनामावरून सगळा वाद झाला ते दुरुस्त करायला एक शुद्धिपत्रक पुरले, आणि ज्यांच्यावर कमी वाद झाला होता ती 'आया' आणि 'बिगारी' ही पदे मात्र रीतसर मंजूर असल्यामुळे त्यांचा प्रस्ताव तयार करावा लागला. त्या काळात परिषदेवर प्रशासक असल्याने सर्वसाधारण सभेचा प्रश्न नव्हता; प्रशासकांच्या सहीने ठराव झाला आणि प्रस्ताव संचालनालयाकडे गेला. तिथून पहिली विचारणा आली ती आर्थिक भाराची. मी उत्तरात 'निरंक' लिहिले.

सेवापुस्तकांचा प्रश्न उरला होता. संघटनेच्या प्रतिनिधींची इच्छा होती की जुन्या नोंदींवर पांढरी शाई फिरवावी. सेवापुस्तकातली नोंद अशी मिटवता येत नाही, चुकीची असली तर लाल शाईने रेघ मारून, वर दुरुस्ती लिहून, अधिकाऱ्याने साक्षांकित करावी लागते. शिवाय निवृत्तिवेतनाच्या वेळी पहिली नेमणूक एका पदावर आणि निवृत्ती दुसऱ्याच पदावर दिसली, तर मधल्या पदोन्नतीचा आदेश मागितला जाण्याची भीती होती. म्हणून प्रत्येक पुस्तकात शुद्धिपत्रकाचा क्रमांक टाकून 'दोन्ही पदनामे एकाच पदाची असून सेवा अखंड आहे' अशी नोंद मी घेतली. एकूण कामात सर्वांत वेळखाऊ भाग हा होता. तीन शनिवार त्यात गेले. ज्या दोन पुस्तकांत 'भंगी' लिहिलेले होते त्यांतल्या चालू पुस्तकाचे धनी त्या दिवशी सहीसाठी आले होते. लाल रेघ त्यांनी माझ्याकडून दोनदा ओढून घेतली. नियमात एकच बसते, पण मी ओढली.

पुढच्या महिन्याच्या वेतनचिठ्ठ्या नव्या पदनामाने निघाल्या. रकाना अरुंद असल्यामुळे 'सफाई कामगा' एवढेच छापले गेले आणि शेवटचे अक्षर कापले गेले. त्यासाठी प्रणाली पुरवणाऱ्यांना पत्र लिहावे लागले आणि ती दुरुस्ती व्हायला आणखी एक महिना गेला. हजेरीशेडमध्ये मुकादम अजून जुन्याच नावाने हाक मारतो, असे मी ऐकले आणि स्वच्छता निरीक्षकांनी त्याला तोंडी समज दिली. 'परिचर' आणि 'मजूर' यांचा प्रस्ताव अद्याप वर आहे. मी दोन स्मरणपत्रे पाठवली आहेत.

तो तरुण नवी चिठ्ठी न्यायला आला तेव्हा मी कर्जाचे विचारले. ते दुसऱ्या एका बँकेने आधीच, जुन्या चिठ्ठीवरच, मंजूर केले होते. मग त्याने मला एक विनंती केली. अर्ज केला त्या महिन्याच्या वेतनचिठ्ठीची सत्यप्रत त्याला हवी होती. उद्या कुणी म्हणाले की असे कधी छापले जातच नव्हते, तर दाखवायला जवळ असावी म्हणून. त्यासाठी रीतसर अर्ज लागेल, असे मी सांगितले. तो तिथेच बसून लिहू लागला आणि पदनामाच्या ओळीवर थांबून, इथे कोणते लिहू, असे त्याने विचारले. आजचे लिहा, मी म्हटले. त्याने ते पूर्ण लिहिले, शेवटच्या अक्षरासह, आणि जुन्या शब्दाच्या चिठ्ठीची सत्यप्रत मी त्याला त्याच दुपारी सही-शिक्क्यानिशी दिली.